आई-बाबांना क्रूझवर न्यायचंय: मुंबईचं जहाज की सिंगापूरचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. ठाण्याचं कुटुंब आहे: नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. बाबा 74 वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. आई 70 च्या. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढतात पण कठडा धरून, सावकाश. घर शाकाहारी, आणि क्रूझ पहिलीच. एजंटने तीन जहाजं सुचवली आहेत: मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस', सिंगापूरहून 'गेंटिंग ड्रीम', नाहीतर सिंगापूरहूनच रॉयल कॅरिबियनचं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज'सारखं जहाज. तिघांत सगळ्यांत चांगलं कोणतं, असं त्यांनी विचारलंय.

मी गेली 19 वर्षं पुण्या-मुंबईतून ज्येष्ठांचे गट घेऊन क्रूझवर जाते. सुरुवातीला मीही माहितीपत्रकातली सोयींची यादी वाचूनच जहाज निवडायची. घसरगुंड्या किती, रेस्टॉरंटं किती, थिएटर केवढं. पहिल्या मोठ्या जहाजावर 22 ज्येष्ठ मंडळींना नेलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी एक आजी मला म्हणाल्या, "सगळं छान आहे गं, पण जेवायला जायचं म्हणजे पर्वती चढल्यासारखं वाटतं." त्यांची केबिन जहाजाच्या पुढच्या टोकाला होती आणि जेवणाचा हॉल मागच्या. त्या दिवसापासून मी यादी बाजूला ठेवली. आता मी बरोबरच्या माणसाचा दिवस तासातासाने मांडते: सकाळचा चहा कुठे, दुपारी पडायचं कुठे, समुद्र कुठून दिसणार, जेवायला किती पावलं चालायचं. ज्या जहाजावर हा दिवस सुखाचा जातो, ते त्या माणसासाठी चांगलं. तुमच्या घरात असे तीन वेगळे दिवस आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

जागेपासून सुरुवात करते, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. जहाजाचा आकार 'ग्रॉस टनेज'मध्ये सांगतात. टन म्हटलं की आपल्याला वजन वाटतं, पण ते जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की दर माणशी किती जागा येते ते कळतं. 'एम्प्रेस' 48,563 टनांची. 1,800 प्रवासी धरले तर भागाकार येतो 27. 'स्पेक्ट्रम' 1,69,379 टनांचं आणि प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर 4,246 प्रवासी, म्हणजे जवळजवळ 40. 'गेंटिंग ड्रीम' 1,50,695 टन आणि 3,352 प्रवासी, म्हणजे 45. तुलनेसाठी अटलांटिक पार करणारं 'क्वीन मेरी 2' घ्या, तिथे हा आकडा 55 च्या आसपास जातो. बाकी काहीही न बघता हा एकच आकडा काढलात, तरी बुफेच्या रांगेत किती वेळ जाईल, पोहण्याच्या तलावाकाठी खुर्ची मिळेल का, लिफ्टसमोर किती उभं राहावं लागेल, याचा बराच अंदाज येतो.

मात्र हा भागाकार केबिनमागे दोघे धरून केलेला आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिसरा-चौथा पलंगही उघडला जातो. 2024 मध्ये मायामीहून सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चं उदाहरण घ्या. 2,48,663 टनांवर दोघांच्या हिशेबाने 5,610 प्रवासी म्हणजे 44, पण जहाज पूर्ण भरलं की 7,600, आणि मग तोच आकडा 33 च्या खाली येतो. जहाज तेच, प्रवासी कंपनीही तीच, फक्त तारीख वेगळी. म्हणून शाळेची अडचण नसेल तर सुट्टीचा आठवडा टाळा. मुलीची शाळा बुडवायची नसेल तर निदान शनिवार-रविवार धरून जाणारी फेरी तरी टाळा. मुंबईच्या फेऱ्यांना हे जास्तच लागू पडतं. शुक्रवार-शनिवारी मित्रमंडळींचे मोठे घोळके येतात, वरच्या डेकवर रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. त्यात गैर काही नाही, ते त्यासाठीच आलेले असतात. पण तुमचे बाबा साडेदहाला झोपणारे असतील तर आठवड्याच्या मधली फेरी घ्या.

आता केबिन. 'एम्प्रेस'च्या खोल्या लहान का आहेत, हे कळलं की राग येत नाही. हे जहाज फ्रान्समध्ये सेंट नाझेरला बांधलं आणि 1990 मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने फ्लोरिडा-बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांवर उतरलं. ते खास छोट्या सहलींसाठीच आखलेलं होतं. तीन रात्रींसाठी आलेला माणूस खोलीत बसत नाही, या हिशेबाने खोल्या लहान आणि बसाय-फिरायच्या जागा मोकळ्या ठेवल्या. मध्यभागी बरेच मजले उंच असा जो मोकळा चौक आहे, तो पाहिला की हे लक्षात येतं. आतली केबिन म्हणजे साधारण सव्वाशे चौरस फूट. दोघांना पुरते, पण दोन मोठ्या बॅगा उघडल्या की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. बाल्कनी मोजक्याच स्वीट्सना, म्हणजे मोठ्या महागड्या खोल्यांना आहे. त्या काळी बाल्कनी ही चैन होती. नंतरच्या पंचवीस वर्षांत ती नेहमीची गोष्ट झाली आणि 2016 च्या 'गेंटिंग ड्रीम'वर बहुसंख्य केबिनना ती आहे.

बाल्कनीचं मी एवढं का सांगते? ज्येष्ठांसाठी जहाजावरची सर्वांत मोलाची वस्तू तीच. सहाला उठायचं, खुर्ची ओढायची, पाय समोरच्या स्टुलावर टाकायचे आणि पाण्याकडे बघत बसायचं. कुणाची परवानगी नको, कपडे बदलायला नको, खुर्ची धरून ठेवायला नको. मी जवळजवळ प्रत्येक गटाला शेवटच्या दिवशी विचारते की सगळ्यांत काय आवडलं. सत्तरीपुढच्या माणसांकडून 'शो' किंवा 'जेवण' हे उत्तर क्वचित येतं. "सकाळी गॅलरीत बसले होते ते," हे उत्तर येतं. आतली केबिन स्वस्त असते, पण तिथे दिवस-रात्र कळत नाही. दुपारी डुलकी लागली आणि जाग आली की वयस्कर माणूस क्षणभर गांगरतो. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर ('स्पेक्ट्रम' त्यांतलंच) आतल्या केबिनमध्ये बाहेरचा समुद्र दाखवणारा मोठा पडदा लावलेला असतो. मुलांना त्याची फार गंमत वाटते. उजेडाची सवय त्याने राहते, वारा मात्र येत नाही.

केबिनचा प्रकार ठरला की पुढची गोष्ट तिची जागा. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा, मागून घ्या आणि तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वरही केबिन, खालीही केबिन, अशी जागा सर्वांत शांत. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. खाली थिएटर असेल तर रात्री साडेअकरापर्यंत ढोल. अगदी पुढच्या, खालच्या डेकवर असाल तर बंदरात शिरताना नाळेजवळचे थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारे पंखे, पहाटे घरघरतात, आणि जहाज बंदराबाहेर नांगरलं तर साखळी सुटल्याचा आवाज छातीत धडकी भरवतो. 'सी व्ह्यू' लिहिलेल्या काही खिडक्यांसमोर जीवरक्षक बोट टांगलेली असते, तेही प्लॅनवर बारीक अक्षरांत दिसतं. दोन केबिनमध्ये आतून दार असणाऱ्या खोल्या तुमच्यासारख्या कुटुंबाला वरदान आहेत. 'गेंटिंग ड्रीम'वर त्या बऱ्याच आहेत. आई-बाबा एका खोलीत, तुम्ही तिघं शेजारी, आणि रात्री बाबांची साखर उतरली तर मधलं दार ढकललं की तुम्ही तिथे.

बोट लागण्याची भीती तुम्ही प्रश्नात दोनदा लिहिली आहे. जहाज दोन तऱ्हांनी हलतं: डावी-उजवीकडे डोलतं आणि पुढून-मागून हिंदकळतं. डोलणं कमी करायला जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते वाहत्या पाण्यावर काम करतात, म्हणून जहाज वेगात असताना ते चांगले चालतात आणि थांबलं की फारसे उपयोगी पडत नाहीत. पुढून-मागून हिंदकळणं मात्र ते थांबवू शकत नाहीत. तिथे जहाजाची लांबी कामाला येते. 'एम्प्रेस' 211 मीटर लांब, 'गेंटिंग ड्रीम' 335, 'स्पेक्ट्रम' 347. त्याच लाटेवर लांब जहाज कमी हिंदकळतं. शिवाय सी-सॉच्या मध्यावर बसलेल्याला कमी झोका बसतो, तसंच इथे: लांबीच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या डेकवर केबिन घ्या. वरचा डेक महाग म्हणून चांगला, असं मुळीच नाही. मागच्या टोकाला जहाज पुढे ढकलणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पंख्यांची (प्रोपेलरची) थरथर जाणवते. नव्या मोठ्या जहाजांवर पंखे जहाजाखाली फिरत्या पॉडवर बसवलेले असतात, तिथे ती बरीच कमी असते.

पण खरं सांगायचं तर जहाजापेक्षा समुद्र आणि महिना जास्त महत्त्वाचा. नारळी पौर्णिमेला आपल्याकडे समुद्राला नारळ वाहिला जातो आणि होड्या पाण्यात जातात, तरी क्रूझवर ज्येष्ठांना नेणाऱ्याने ऑक्टोबर संपेपर्यंत थांबावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र आपल्या किनाऱ्याला बहुधा तलावासारखा असतो आणि तेव्हा 'एम्प्रेस'वरही ग्लासातलं पाणी हलत नाही. पावसाळ्यात तर हे जहाज मुंबई सोडून चेन्नईच्या बाजूला जातं. सिंगापूरहून पेनांग किंवा पोर्ट क्लांगकडे जाणारी जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाया, त्यामुळे मोठी लाट तिथे तयारच होत नाही. मे-जूनच्या सुट्टीतच जायचं असेल तर हा एकटा मुद्दा सिंगापूरकडे कौल देतो. फुकेत मात्र त्या सामुद्रधुनीच्या बाहेर, अंदमानच्या समुद्राकडे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तिथे लाट असते. बरोबर आलेपाक ठेवा, आणि बाबांच्या गोळ्या चालू असल्याने बोट लागण्याचं औषध घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आईंच्या गुडघ्यांसाठी जहाजाआधी बंदर बघा. जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार? बाहेर नांगरलं तर लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो, त्याला टेंडरिंग म्हणतात. लाटेवर ती बोट अर्धा-पाऊण फूट वरखाली होत असते आणि नेमक्या क्षणी पाय टाकायचा असतो. मी एकदा एका बेटावर जाताना दोन मावशींना दारापर्यंत नेलं, कर्मचाऱ्यांनी दोन्ही हात धरले, तरी त्यांची हिंमत झाली नाही. आम्ही परत फिरलो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला आजही आठवतं, कारण ती चूक माझी होती. ते बंदर निवडायलाच नको होतं. लक्षद्वीपची फेरी नेमकी अशी आहे. समुद्राचा निळा रंग तिथे असा आहे की बघत राहावं, पण उतरणं लहान बोटीनेच, आणि हवा बिघडली की कप्तान ते रद्दही करतो. फुकेतलाही मोठ्या जहाजांना पुष्कळदा असंच करावं लागतं. गोव्याचं मुरगाव, कोची, पेनांग आणि पोर्ट क्लांग इथे मात्र जहाज धक्क्याला लागतं आणि उतारावरून चालत बाहेर पडता येतं. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर तासाभराहून जास्त लांब आहे, त्यामुळे आईंनी त्या दिवशी जहाजावरच राहावं. सगळे उतरून गेलेले असतात, जहाज मोकळं असतं, तो दिवस फार सुंदर जातो.

चालण्याचं गणित मात्र उलटं आहे. जागा जास्त म्हणजे अंतरही जास्त. 'स्पेक्ट्रम'वर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे साडेतीनशे मीटर चाल, दिवसातून चार-पाच वेळा. 'एम्प्रेस'वर सगळं हाताशी आहे आणि दुसऱ्या दिवशी माणूस न विचारता फिरू लागतो. मोठं जहाज घेतलंत तर लिफ्टजवळची, मध्यावरची केबिन घ्या आणि व्हीलचेअर आधी कळवून ठेवा. ती मागायला लाजू नका. चालता येत असलं तरी लांबच्या अंतरासाठी ती वापरली की आईंचे गुडघे संध्याकाळी शाबूत राहतात.

जेवणाच्या बाबतीत 'एम्प्रेस' पुढे आहे, यात मला शंका नाही. बहुतेक प्रवासी भारतीय, त्यामुळे वरण-भात, पोळी, जैन जेवण, हे मागून मिळवावं लागत नाही. आणि चहा! उकळलेला, आलं घातलेला चहा. हसू नका, बाबांचा पूर्ण दिवस त्यावर अवलंबून असतो. सिंगापूरच्या दोन्ही जहाजांवर भारतीय आणि शाकाहारी पदार्थ असतात, सिंगापूरहून जाणाऱ्यांत आपली माणसं भरपूर असतात. पण कांदा-लसूण नको असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्यावं लागतं, जहाजावर पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही. रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतील तर मधुमेहामुळे पहिली घ्या. केबिनमध्ये खाकरा, भडंग, राजगिऱ्याची वडी ठेवा. इलेक्ट्रिक केटल, कॉइल किंवा इस्त्री मात्र नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे त्या चढतानाच काढून घेतात. इन्सुलिन किंवा गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते.

जाता जाता एक सांगते. जगभरच्या क्रूझवर गोव्याची आणि आपल्या कोकणातली मुलं-मुली पिढ्यान् पिढ्या काम करतायत. पहिल्याच जेवणाला नावाच्या बिल्ल्याकडे बघा आणि मराठी-कोकणीत दोन शब्द बोला. मी गटातल्या आजींना हे सांगते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर न मागता गरम दूध येतं.

मुलीसाठी काय, हे चटकन सांगते. 'गेंटिंग ड्रीम'वर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, 'स्पेक्ट्रम'वर धक्का देणाऱ्या गाड्या आणि जहाजावरून उंच उचलणारी काचेची कुपी. दोन्हींवर तिचे दिवस पुरणार नाहीत. 'एम्प्रेस'वर दोन-तीन रात्रींपुरतं भरपूर आहे, त्यापुढे तिला कंटाळा येईल.

सुरक्षिततेचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी बोलायला हवं. 1 जुलै 2010 नंतर बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशी रचना करावी लागते की एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी ठरावीक मर्यादेपर्यंत जहाज स्वतःच्या बळावर बंदरात परतू शकेल. वीजयंत्रणा, पंप, स्वच्छतागृहं यांची दुहेरी सोय त्यात येते. फेब्रुवारी 2013 मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' हे त्याआधीचं जहाज इंजिन रूममधल्या आगीनंतर बरेच दिवस वीज आणि शौचालयांविना तरंगत राहिलं होतं, तेव्हा या नियमाचं मोल सगळ्यांना कळलं. 'गेंटिंग ड्रीम' आणि 'स्पेक्ट्रम' या नियमानंतरची, 'एम्प्रेस' आधीची. याचा अर्थ जुनं जहाज धोक्याचं, असा नाही. प्रवासी जहाजाला सुरक्षा प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. फरक आहे तो तुम्हाला माहीत असावा, एवढंच. आणि कोणत्याही जहाजावर पहिल्या दिवशीची आपत्कालीन कवायत चुकवू नका. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडालं, 32 माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. आता ती निघण्याआधी किंवा निघताच घ्यावी लागते. आई-बाबांना त्यांच्या जमायच्या जागेपर्यंत एकदा लिफ्टविना चालवून आणा, कारण आगीच्या वेळी लिफ्ट बंद असते.

खर्चाची तुलना तिकिटाच्या आकड्यावर करू नका. सिंगापूरच्या तिकिटात बंदर शुल्क धरलंय का, ते बघा. रॉयल कॅरिबियनवर दर माणशी दर रात्री सुमारे 18 डॉलर टिप आपोआप बिलात लागते, म्हणजे पाच माणसांच्या चार रात्रींचे 360 डॉलर. वर विमान, सिंगापूरला एक-दोन रात्री हॉटेल, आणि व्हिसा. तो 'मल्टिपल एंट्री' हवा, कारण मलेशियाला जाऊन परतताना तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता. प्रवास विमा घेताना बाबांचा मधुमेह लपवू नका, आणि त्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तपासणी-औषधांचं बिल परदेशी दराने तुमच्या खात्यावर येतं.

तर तुमच्यासाठी माझं मत. पैसे आणि सुट्टी दोन्ही जमत असेल तर 'गेंटिंग ड्रीम', पेनांग किंवा पोर्ट क्लांगची फेरी, फुकेतची नको, मध्यावरच्या दोन जोडकेबिन, त्यातली आई-बाबांची बाल्कनीची. 'स्पेक्ट्रम' तरुण जोडप्याला मी आधी सुचवीन, तुमच्या घराला नाही. त्याचा बराचसा आनंद धावपळीत आहे. विमानप्रवास आई-बाबांना झेपणार नसेल, किंवा क्रूझ आवडते का हे आधी बघायचं असेल, तर डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधली 'एम्प्रेस'ची मुंबई-गोवा फेरी घ्या, लक्षद्वीपची नाही. आतली केबिन नको, समुद्राकडे खिडकी असलेली, मध्यावरची हवी. बॅलार्ड पिअरला घरच्या गाडीने उतरता येतं, हे त्या वयात लहान सुख नाही.

दोन्हींपैकी काहीही ठरवा, पण पैसे भरण्याआधी एजंटकडून केबिनचा क्रमांक लेखी घ्या. 'गॅरंटी केबिन' म्हणून जी थोडी स्वस्त मिळते, तिचा क्रमांक कंपनी नंतर ठरवते, आणि मग आईंची खोली कुठल्या टोकाला येईल ते तुमच्या हातात राहत नाही. क्रमांक आला की मला डेक प्लॅनसह इथेच कळवा, वर-खाली काय आहे ते मी बघून सांगते.